कागदाची चुनागल्ली

"लाई-को, आमचा म्हातारा खालीच राहिला."

आमच्या जुन्या शेजारणीने, चू-सोने, हे दारातूनच सांगितलं आणि आमच्या यांच्या हातातली कात्री खाली पडली. पडणारच, कारण चू-सोचा म्हातारा बून केंग वारून तीन वर्षं होत आली होती.

चिनी पंचांगाचा सातवा महिना तोंडावर आला होता. मेलेली माणसं आपापल्या घरी जेवायला येतात तो महिना. आमच्या पेनांग बेटावर घरोघर त्याची तयारी चालली होती आणि आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कागदी घरं, कागदी मोटारी, कागदी नोकरचाकर. आमच्या यांचा धंदाच तो. बांबूच्या कामट्यांवर कागद चिकटवून मेलेल्यांसाठी संसार उभा करायचा. तो जाळला की तिकडे त्यांना पोचतो. सगळा जन्म या कामात गेला, आणि हा माणूस भुतांना इतका भितो की जिन्यातला दिवा गेला तर खालूनच मला हाका मारतो. मी म्हणते, "तुमचीच गिऱ्हाइकं ना ती? त्यांना काय घाबरायचं?" तर म्हणतात, "गिऱ्हाइकालाच जास्त घाबरावं."

"खाली म्हणजे कुठं?" मी चू-सोला विचारलं.

"लिफ्टच्या खाली गं, स्वी इम!" ती मटकन बसली.

आमची चुनागल्ली पाडली तेव्हा आम्हां सगळ्यांना या उंच इमारतीत खोल्या मिळाल्या. घर बदलताना मेलेल्या माणसाच्या उदबत्त्यांची कुंडी आपल्या हातांनी न्यावी लागते, वर छत्री धरून. आणि वाटभर त्याला सांगत जायचं, आंधळ्याला हाताला धरून नेल्यासारखं. चू-सोने ते सगळं केलं होतं. बसमध्ये लोक टकामका बघत होते, तरी तिचं चालूच: आता वळायचं हं, आता पूल आला, आता उतरायचं, पायरी उंच आहे.

"सगळं सांगितलं गं. पण लिफ्टचं दार धाडकन मिटलं ना! मी जन्मात कधी चढले होते का लिफ्टमध्ये? माझा जीवच उडाला. 'आत या' म्हणायचं राहूनच गेलं."

मला हसू फुटणार होतं, पण यांचा चेहरा बघितला आणि गिळलं. तो पांढराफटक पडला होता.

"हे आत्ता कळलं तुला?" मी विचारलं.

"परवा स्वप्नात आला होता. पाय चिखलानं भरलेले. म्हणाला, अगं, दार कुठं आहे?"

"कुठलं दार?" यांनी हळूच विचारलं.

"आमचं. जुनं. इथं खाली वाट बघून बघून परत गल्लीत गेला असणार. आणि गल्ली आहे कुठं आता? आता सगळ्यांची माणसं घरी येतील, जेवतील. आणि माझा म्हातारा दुसऱ्यांच्या दारात उभा राहील, भिकाऱ्यासारखा." तिने सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "लाई-को, तू मला गल्ली करून दे. कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत. राहू दे त्याला तिकडेच, आपल्या घरात."

आजवर कुणी गल्ली मागितली नव्हती. हे कानामागची पेन्सिल काढून हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "बघू." हे 'बघू' म्हणाले की काम झालंच, हे मला माहीत होतं.

पुढचे चार-पाच दिवस आमच्या घरात नुसती भांडणं. न्हाव्याचं दार निळं होतं की हिरवं? चू-सो म्हणे निळं, मी म्हणे हिरवं. हे म्हणाले, "आधी हिरवं होतं. पोरीचं लग्न झालं तेव्हा निळं केलं. खालच्या बाजूला हिरवं दिसायचं." मग त्यांनी तसंच केलं, खाली बोटभर हिरवं ठेवून. तांदूळवाल्याच्या उंबऱ्याला खळगा होता, पोती ओढून ओढून पडलेला. वैद्याच्या भिंतीला छोटे खण, आणि त्यातल्या एका खणात औषधाऐवजी त्याची विड्यांची पेटी. ते फक्त यांना ठाऊक होतं, कारण तिथून चोरून ओढायला हेच जायचे. मला हे इतक्या वर्षांनी कळलं, त्यावर वेगळं भांडण झालं.

पण बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? यांच्या बोटांतून एकेक दार उभं राहत होतं. दुकानांपुढचा तो सलग ओटा, त्याचे खांब. मला तर सुकवलेल्या मासळीचा वाससुद्धा यायला लागला.

मग हे पाट्यांवर नावं लिहायला बसले आणि लिहिता लिहिता थांबले. कोपऱ्यावरचा न्हावी, तो गेला. तांदूळवाला त्याच्या पाठोपाठ गेला. मग वैद्य. पाचवं दुकान बून केंगचं, स्टोव्ह दुरुस्तीचं. आणि चौथं आमचं.

"कोपऱ्यापासून एकेक दार वाजवत आलाय," हे म्हणाले. "आपलंच ओलांडून पुढं गेला."

"कोण?"

"न्यायला येतो तो." त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

चू-सो बघायला आली तेव्हा वैद्याच्या आणि बून केंगच्या दुकानामध्ये वीतभर मोकळी जागा होती.

"हे काय? दात पडल्यासारखं? तुझं दुकान कुठंय?"

"आ-सो, वहिनी, मी जिवंत आहे अजून," हे म्हणाले.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्या धंद्यात ही एकच गोष्ट करत नाहीत. जिवंत माणसाच्या नावाची वस्तू कागदात करून जाळली की तिकडे त्याची जागा तयार होते. जागा झाली की बोलावणं येतं. यांच्या उस्तादांनी एकदा कुणासाठी कागदी होडी केली होती आणि गंमत म्हणून तिच्यावर ओळखीच्या नावाड्याचं नाव घातलं. पावसाळ्यापर्यंतही तो नावाडी राहिला नाही. हे तेव्हा शिकत होते. त्या होडीचा कागद यांनीच चिकटवला होता.

"मला कळतं रे," चू-सो म्हणाली. "पण त्याला शेवटी दिसत कुठं होतं? ओट्यावरून चाचपडत यायचा. तुझ्या दारात त्या कागदाच्या झिरमिळ्या टांगलेल्या असायच्या. त्या तोंडाला लागल्या की पुढचं दार आपलं, एवढंच त्याला ठाऊक. त्या लागल्या नाहीत तर तो पुढं चालत जाईल. आणि पुढं खड्डा आहे, लाई-को."

हे म्हणाले, "मला नाही जमायचं, आ-सो."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

मग मी तोंड सोडलं. "खरं दुकान पाडलं तेव्हा ब्र काढला नाहीत, आणि आता कागदाच्या दुकानाला एवढे घाबरता? शेजारी होता तो तुमचा. तुमचा स्टोव्ह दर महिन्याला फुकट दुरुस्त करून द्यायचा."

"तुला हसायला काय जातं?" ते म्हणाले. "तुझं नाव नाहीये पाटीवर."

त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल, बघून येऊ."

घर सोडल्यापासून आम्ही तिकडे एकदाही गेलो नव्हतो. बस उतरलो तर सगळीकडे पत्र्याचं कुंपण. एका फटीतून आत बघितलं. चुनागल्ली नव्हती, तिच्या मागची गल्ली नव्हती, तिच्या पलीकडचीही नव्हती. एक प्रचंड खड्डा, तळाला पिवळं पाणी, आणि लोखंडाच्या सळया वर आलेल्या. मधोमध टोलेजंग इमारतीचा सांगाडा. नुसती हवा होती तिथे, आणि त्या हवेत आम्ही तीस वर्षं राहिलो होतो.

"कोपरा इकडे होता," मी म्हटलं.

"छे. तिकडे. वडाच्या देवळापासून..." त्यांनी हात उचलला. देऊळही नव्हतं. हात तसाच वर राहिला, मग हलायला लागला. आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. हे फटीला डोळा लावून सरकत सरकत कुंपणाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. कपाळावर घाम.

"आपलं दुकान कुठं होतं गं?"

"असेल तिथं कुठंतरी..."

"कुठंतरी नाही. नक्की कुठं?"

मला सांगता आलं नाही. ज्या उंबऱ्यावर मी रोज पाणी मारत होते तो कुठल्या बाजूला होता हे मला सांगता आलं नाही.  भर उन्हात, माणसांच्या गर्दीत, मला त्या फटीकडे पाठ करायची भीती वाटायला लागली.

"आपल्याला डोळे आहेत," हे म्हणाले, "तरी सापडत नाही."

यांनी घरी आल्या आल्या कामट्या काढल्या आणि तासायला बसले. मी विचारलं, "काय करताय?" तर म्हणाले, "तू आत जा. इकडे बघायचं नाही." ते दुकान त्यांनी माझ्याकडे पाठ करून केलं. कात्रीचा आवाज तेवढा येत होता. मधेच थांबायचा, आणि मग मला वाटायचं, आता फाडून टाकतील. फाडलं नाही.

जाळायच्या दिवशी दिवेलागणीच्या आधी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गल्ली मांडली. बघायला सगळे मजले खाली आले होते. म्हाताऱ्या बायका वाकून वाकून दारं ओळखत होत्या आणि रडत होत्या. एकीने तर तांदूळवाल्याची कागदी पोती बोटाने दाबून बघितली. वैद्याच्या आणि बून केंगच्या मधे आमचं दुकान होतं, दारात लाल-पिवळ्या झिरमिळ्या, आणि पाटीवर यांचं नाव, त्यांच्याच अक्षरात.  यांना चिडवत जन्म काढला मी. आता ही पाटी उपटून घरी पळून जावं असं मलाच वाटायला लागलं.

भटाने घंटा वाजवली. आम्ही सगळ्यांनी हात धरून रिंगण केलं. ते करावंच लागतं, नाहीतर भटकी भुतं जळतं घर पळवतात. चू-सोने बून केंगला हाक मारली, यावेळी काही न विसरता: "कोपऱ्यावरून आत ये, ओट्यावर चढ, खांब धर, झिरमिळ्या तोंडाला लागतील, मग पुढचं दार आपलं."

भट काडी ओढायच्या बेतात होता. झिरमिळ्या वाऱ्याने हलल्या आणि मला आमच्या दुकानाच्या आत दिसलं.

आत पाट होता, खळीची कढई होती, कामट्यांचा भारा होता. बसायचं स्टूल एकच होतं.

आमच्या दुकानात दोन स्टुलं होती. लग्न होऊन आले त्या दिवसापासून दोन. ते कापायचे, मी खळ लावायची. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. हा माणूस भिंतीवरचा खिळासुद्धा विसरला नव्हता. माझं स्टूल विसरला असेल?

मला एकदम कळलं. त्यांनी मला घरी ठेवलं होतं. स्वतः जायला तयार झाले होते, मला मागे ठेवून.

यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते; मी हात सोडवून घेतला. जाळायला आणलेल्या सोनेरी कागदांतला एक उचलला. घडी घालायला मला बघावंही लागत नाही, पण त्या दिवशी दोनदा चुकले. चार पाय, वर बैठक. झिरमिळ्यांतून आत सारून दिलं, यांच्या स्टुलाशेजारी, आणि रिंगणात परत येऊन उभी राहिले. तोवर न्हाव्याच्या दाराला आग लागली होती.

कागद भराभर पेटतो. तांदूळवाला गेला, वैद्याचे खण गेले. हे आता डोळे उघडून आमच्या दुकानाकडे बघत होते, ओठ घट्ट मिटून. झिरमिळ्या पेटल्या, गळून पडल्या, आतलं उघडं पडलं. आणि यांना दिसलं.

माझा हात झिडकारून ते धावले.

"अहो, रिंगण सोडू नका!" भट ओरडला.

यांनी सरळ आगीत हात घातला. जिन्यात दिवा नसला की वर न येणारा हा माणूस! बाहेर काढला तेव्हा मुठीत माझं स्टूल होतं, अर्धं जळलेलं, दोन पाय उरलेलं. त्यांनी ते मुठीत दाबून विझवलं.

"तुला कुणी सांगितलं होतं?" ते माझ्यावर ओरडले. सगळ्या मजल्यांदेखत. जन्मात असे ओरडले नव्हते. "कुणी सांगितलं होतं तुला?"

"मग तिकडे खळ कोण शिजवणार?" मी म्हटलं.

 मी त्यांची मूठ उघडली, ते दोन पायांचं स्टूल घेतलं आणि परत आगीत टाकलं. मग रिंगण पुरं करायला त्यांचा हात धरायला गेले. बोटं भाजली होती, म्हणून मनगटाला धरलं.