पिलार मॅडम काय बोलल्या

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. यात शेवटी कुणी कप उचलत नाही, कुणी टीव्हीवर येत नाही. पण असलं काहीतरी आपल्या आजूबाजूला रोज चाललेलं असतं आणि आपण सगळे बघत उभे असतो. म्हणून लिहितोय.

चारकोपला नंदकुमार परबांचं घर. मुलगी तेजल, अठरा वर्षांची. सात वर्षांची असल्यापासून टेनिस. पहाटे पाचला उठायचं, कोर्टावर जायचं, मग कॉलेज, मग परत कोर्ट. राज्यात नंबर आला तेव्हा सेक्टरच्या गेटवर भलामोठा फ्लेक्स लागला. ‘आमच्या सेक्टरची शान, भावी चॅम्पियन!’ खाली शुभेच्छुकांचे बारा फोटो. तेव्हापासून भाजीवालासुद्धा नंदकुमारना थांबवून विचारायचा, "काका, पुढची मॅच कधी?"

आणि इकडे दोन महिने तेजलचा उजवा खांदा दुखत होता.

क्लबात हे पहिल्यांदा लक्षात आलं सिद्धेशच्या. सिद्धेश जोगेश्वरीचा, चोवीस वर्षांचा. खेळाडूंना सराव मिळावा म्हणून समोर उभं राहून तासन् तास चेंडू मारत राहायचे, हे त्याचं काम. टेनिस तो व्हिडिओ बघून शिकला, इंग्रजीही तसंच. तेजलशी त्याची पक्की दोस्ती. सर्व्हिस करताना ती ओठ चावते, हे त्याने बरोबर पकडलं.

"पप्पांना सांग ना."

"सांगितलं. म्हणाले, चॅम्पियन लोकांना दुखतंच."

"मग?"

"मग काय? थकले रे मी. खांद्याचं जाऊ दे, मीच थकले."

सरावाचे पैसे सिद्धेशला नंदकुमारच द्यायचे. तेजल थांबली तर काका आपल्याला कशाला ठेवतील? हा विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरी गप्पच बसला.

त्याच आठवड्यात क्लबात पिलार मॅडम आल्या. स्पेनच्या, चाळिशीतल्या, निवृत्त झालेल्या खेळाडू. पंधरा दिवसांचं शिबिर घ्यायला. नंदकुमार कंपनीत सुट्टी टाकून आले. पण मॅडमचं इंग्रजी भराभर, त्यात स्पॅनिश वळणाचं. काकांना ते झेपेना. म्हणून मधे सिद्धेशला उभं केलं.

"विचार रे पिलर मॅडमना, किती वर्ल्ड कप जिंकल्या?"

"काका, पिलार. आणि टेनिसमध्ये वर्ल्ड कप..."

"तेच रे! बिल्डिंगीत पिलरचं काम चाललंय, तोंडात तेच बसलंय. तू विचार."

मॅडम हसल्या. मोठी स्पर्धा एकही जिंकली नाही म्हणाल्या. बारा वर्षं खेळल्या. सगळ्यात वरचा नंबर एकशे सदतीस. जास्त मॅचेस छोट्या छोट्या गावांत, रिकाम्या खुर्च्यांसमोर. मग त्यांनी तेजलकडे पाहिलं आणि हसू गेलं. सकाळी त्यांनी तिची सर्व्हिस पाहिली होती.

"या मुलीला थांबवा," त्या म्हणाल्या. "माझाही हाच खांदा. एकोणिसाव्या वर्षी दुखणं दाबायचं पहिलं इंजेक्शन घेतलं आणि मॅच जिंकले. मग इंजेक्शनं सुरूच राहिली. दोन ऑपरेशनं झाली. अठ्ठाविसाव्या वर्षी शेवटची मॅच खेळले, बघायला अकरा माणसं. हरले, पण रडू आलं नाही. झोप आली. चौदा तास झोपले. आज मला वरच्या फळीवरची बरणी काढता येत नाही. वडिलांवर माझा राग नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. कोचला माहीत होतं, फिजिओला माहीत होतं. माझ्या खेळण्यावर सगळ्यांची घरं चालायची, म्हणून सगळे गप्प."

"काय म्हणते, काय म्हणते?" नंदकुमारनी विचारलं. डोळ्यांत केवढी आशा! दुसऱ्या दिवशी तेजललाही तसंच इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी स्पर्धा.

सिद्धेश मॅडमकडे न बघता बोलला.

"म्हणतात... पोरीत दम आहे. मेहनत सोडू नका."

"झकास! बघ तेजू, एवढी मोठी खेळाडू सांगतेय!"

तेजल बाजूलाच उभी होती. तिला सगळं कळलं होतं. तिने एकदाच सिद्धेशकडे पाहिलं, डाव्या हाताने किट उचललं आणि चालायला लागली. सिद्धेश मागे धावला.

"तू का नाही बोललीस?"

"मी बोलले की नाटक असतं. मी बोलले की आळस असतो. दुसऱ्या कुणीतरी बोलायला पाहिजे होतं यार." ती थांबलीसुद्धा नाही. "मला वाटलं, तू बोलशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश चारकोपला पोचला. नंदकुमार डॉक्टरकडे जायला तयार होऊन बसले होते. तेजलची आई, नलिनीकाकू, तिची वेणी घालत होत्या.

"काका, काल मी खोटं बोललो."

मग त्याने मॅडमचं सगळं बोलणं सांगितलं, काही न गाळता. शेवटी स्वतःचंही सांगितलं. "तेजल थांबली तर माझं काम जाईल, म्हणून मी बदलून सांगितलं."

रागावले की नंदकुमार मालवणीत शिरत. "तुका काय कळता रे? माझो बापूस गिरणीत झिजलो, मी मशीनीर झिजलंय. एक पोर वर जाता, तिका खाली खेचतंस? आणि लोकांका काय सांगू? गेटार फ्लेक्स लागलो हा!"

"फ्लेक्सवरची पोर रोज हसते हो," नलिनीकाकू वेणीवरचा हात न काढता म्हणाल्या. "घरातली शेवटची कधी हसली, आठवतंय? आणि दोन महिने हिची वेणी मी का घालते, विचारलंत कधी?"

"लाड करतेस म्हणून."

"लाड? अहो, कोर्टावर कशीबशी मारते, पण घरी खांदा आखडला की हात डोक्यापर्यंत जात नाही तिचा!"

नंदकुमार उठून तेजलसमोर आले. मग हळूच म्हणाले, "तेजू, हात वर कर बघू."

हात कानापर्यंत आला आणि तिथेच थांबला.

नंदकुमार तिच्यासमोर लादीवर बसले. "मला वाटायचं, मी तुला उचलून वर नेतोय. अगं, मी तर तुझ्याच अंगावर बसलो होतो!"

त्यांनीच फोन करून इंजेक्शन रद्द केलं, स्पर्धेतलं नाव काढलं. त्या दुपारी तेजल झोपली ती अंधार पडल्यावरच उठली. कुणी उठवलं नाही. नंतर तपासण्या झाल्या, सहा महिने खेळ बंद. पुढे खेळता येईल का, ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. गेटवर लोक विचारतात. पहिले काही दिवस नंदकुमार मान खाली घालून जायचे. आता सरळ सांगतात, "दुखतंय तिला. थांबवलंय." सिद्धेशचं काम खरंच कमी झालं. हल्ली तो सकाळी निवृत्त काकालोकांबरोबर खेळतो. ते जागचे हलत नाहीत आणि आउट गेलेल्या बॉलवरून तासभर भांडतात.

मित्रांनो, असं एखादं पोर आपल्या मजल्यावरही असतं. कुणाचं टेनिस, कुणाची बारावी, कुणाचा नाच. ते दमलंय हे आपल्याला दिसतं आणि तरी आपण टाळ्या वाजवतो, कारण आपलंही काहीतरी त्यात अडकलेलं असतं. आईबाप प्रेमाने आंधळे होतात, एक वेळ समजू शकतो. पण ज्याला दिसतंय त्याने तरी बोलायला हवं. थांबलेल्या पोराला हरलेलं म्हणायची सवय आता आपण सोडूया!

परवा तेजल आणि सिद्धेश क्लबच्या पायरीवर बसले होते.

"माफ केलंस?" सिद्धेशने विचारलं.

"अर्धं."

"आणि उरलेलं?"

तेजल समोरच्या कोर्टाकडे बघत होती. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी सर्व्हिस करत होती, जाळीबाहेर तिचे वडील मोबाइलवर शूटिंग करत होते. "उद्या अशीच कुणी मॅडम आली आणि तिच्या बापाने तुला विचारलं, काय म्हणते, तर?"

"जे म्हणाली तेच सांगेन. काम गेलं तरी चालेल. तुला शब्द देतो, तेजल."