काचपट्टीवरचा पहारा

आमच्या महाविद्यालयात कमानसरांवर सगळ्यांचा विश्वास होता. कमानसरांचा मात्र कुणावरच नव्हता. जमेची बाजू भरभरून आणि नावे बाजू कोरी, असं खातं मी दुसरं पाहिलेलं नाही.

ते वास्तुकलेचा इतिहास शिकवायचे. मी त्याच मुलांना अंदाजपत्रक शिकवतो. म्हणजे त्यांनी मुलांना घुमटाखाली उभं करून भारावून टाकायचं आणि मी मागून जाऊन विचारायचं, बरं, विटा किती लागल्या असतील? खडू फळ्यावरून न उचलता ते कमान काढायचे, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव.

त्यांचा वर्ग भरायचा जुन्या इमारतीत. पुढची भिंत चुन्यात बांधलेली दगडी, वरचा मजला लाकडी तुळयांवर, आणि मागे नंतरच्या कुणीतरी शेपटीसारखी चिकटवलेली काँक्रीटची खोली. कमानसर मुलांना डोळे मिटायला लावायचे आणि भिंतीला तळवे टेकवून चालवायचे. "थांब. आता कुठल्या काळात आहेस?" मुलं गार लागलं की दगड म्हणायची, खरखरीत लागलं की काँक्रीट. एकदा एक मुलगा चालत चालत थेट माझ्या पोटाला हात लावून थांबला आणि म्हणाला, "सर, इथे घुमट आहे." त्याला मी पुढे एकही गुण सढळ हाताने दिला नाही.

संस्थेच्या सचिवांना ही इमारत पाडायची होती. "इतिहास काय, पडद्यावर दाखवता येतो," ते म्हणायचे. नव्या इमारतीचा ठेकेदार ठरलेला नव्हता, पण ठेकेदारी करणारे त्यांचे साडू हल्ली वरचेवर चहाला यायचे आणि चहा पिताना छताकडे बघायचे. माणूस पाहुणचाराला येऊन छताकडे बघायला लागला, की कुठेतरी पाणी मुरतंय हे समजायला इतिहास लागत नाही.

त्यातच वर्गातल्या दगडी कमानीच्या डोक्यावर तडा दिसला. दगड जिथे संपतो आणि काँक्रीट सुरू होतं, नेमका तिथे.

तपासणीसाठी अभियंता बाई आल्या. कमी बोलणाऱ्या, आणि ज्याच्याशी बोलायच्या त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघणाऱ्या. त्यांनी तड्यावर आडवी एक पातळ काचपट्टी धरली, दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांनी भिंतीला पक्की केली आणि गोळ्यावर पेन्सिलीने तारीख घातली.

"काच ताणली जात नाही," त्या म्हणाल्या. "भिंत केसभर सरकली, तरी तुटणार. वार्षिक परीक्षेपर्यंत अखंड राहिली, तर तडा जुना आहे, बुजवून टाका आणि खुशाल शिकवा. तुटली, तर त्याच दिवशी मला कळवा."

बाई गेल्या आणि कमानसरांनी मला बाजूला घेतलं.

"आता ते तोडणार."

"कोण?"

"कोण काय विचारतोस? सचिवांचे साडू. नखाने टिचकी मारली की झालं. काच तुटली, भिंत सरकली, इमारत गेली."

त्यांनी मुलांचे पहारे लावले. दुपारच्या सुट्टीतही कुणीतरी कमानीखाली डबा खात बसलेलं असायचं. तिकडे सचिवांनी शिपायाला पहाऱ्यावर पहारा ठेवायला सांगितलं. मी दोन्ही बाजूंचा चहा पीत होतो आणि दोन्हीकडे मान डोलवत होतो. एवढं फायद्याचं सत्र माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

महिने गेले. काचपट्टी अखंड. मुलं खूश, कमानसरांची मान ताठ, सचिवांचे साडू चहाला येईनासे झाले.

मला तेव्हा शांत बसता आलं असतं. पण त्या वर्गाचं दार अडायला लागलं होतं. पूर्वी बोटाने लोटलं की बंद व्हायचं, ते आता खांदा लावावा लागायचा. सुताराने वरच्या कडेला रंधा मारून दिला. थोड्या दिवसांनी पुन्हा खांदा.

"लाकूड फुगतं," कमानसर म्हणाले.

"उन्हाळ्यात?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीही साडूंच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

त्यांची भाची त्याच वर्गात होती. घरी मामा, वर्गात सर. त्यामुळे ती दोन्हीकडे अडखळायची. एका रविवारी तिचा प्रकल्प बघायला म्हणून मी कमानसरांच्या घरी गेलो. ते बाजारात गेले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि बसायच्या आधीच तक्रार मांडली.

"भाऊजी, तुमच्या मित्राला काय झालंय सांगा. भिंतीवरचे फोटो बघा!"

बघितले. सासरे, सासूबाई, मुलाचं बारसं, सगळे फ्रेममध्ये होते. काच एकावरही नव्हती.

"पुसायला म्हणून नेल्या, परत आल्याच नाहीत. विचारलं तर म्हणतात, नव्या बसवू. परवा आमच्या लग्नाच्या फोटोचीही नेली. इतकी वर्षं नीट बघितलं नाही माझ्याकडे, आता धूळ बसायला मोकळी सोडली!"

"मामी, काच कापायचा हिरा मामाच्या टेबलावरच असतो," भाची म्हणाली. म्हणाली, आणि तिच्या हातातला कप तिथेच थांबला. ती माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे.

वर्गाचं कुलूप सकाळी कमानसरच उघडायचे, पहारेकरी येण्याआधी. प्लास्टर प्रतिकृतींच्या कपाटात पोत्याने होतं. आणि अक्षर? जुन्या शिलालेखाची हुबेहूब नक्कल करून दाखवणाऱ्या माणसाला बाईंची पेन्सिलीतली तारीख काय अवघड!

तेवढ्यात ते आले, पिशवी घेऊन. मी आडपडदा ठेवला नाही.

"किती बदलल्यास?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. नाकारलं नाही, एवढं त्यांच्या नावावर जमा करतो.

"ते तोडत होते, मी लावत होतो," ते म्हणाले. "आधी सुट्टीनंतर तुटलेली सापडायची. मग आठवड्यात एकदा. आता तर उठसूट. निर्लज्ज झालेत लोक."

"कुणाला तोडताना पाहिलंस?"

"पाहायला कशाला पाहिजे? इमारत पडण्यात फायदा कुणाचा आहे ते पाहा!"

"मामा," भाची हळूच म्हणाली, "दारही साडूच अडवतात का?"

वहिनी म्हणाल्या, "कोण साडू? कुणाचे साडू?" पण त्यांना उत्तर द्यायला कुणी मोकळं नव्हतं.

कमानसर खुर्चीत बसले. या माणसाने मुलांना शिकवलं होतं की दोन काळांची बांधकामं एकमेकांना चिकटवली तर ती वेगवेगळी खचतात. परीक्षेत दरवर्षी त्यावर प्रश्न असायचा. आणि त्या दोन काळांच्या फटीखाली ते रोज चाळीस मुलं बसवत होते, कारण त्यांना जगातल्या सगळ्या माणसांचा संशय आला होता, भिंतीचा तेवढा आला नव्हता.

"उद्या सुट्टी आहे," मी म्हणालो. "नवी पट्टी लाव. आपण समोर बसू. सचिवांनाही बसवू, म्हणजे तोडायला कुणी उरणार नाही."

"ते बसल्या बसल्या तोडतील."

"मग त्यांचे हात धरून बसू."

दुसऱ्या दिवशी आम्ही कमानीपासून चांगलं लांब, दाराबाहेरच्या पडवीत खुर्च्या टाकल्या. एकीकडे कमानसर, दुसरीकडे सचिव, मध्ये मी. भाची पायरीवर. वहिनींच्या लग्नाच्या फोटोची काच तड्यावर चमकत होती. आत कुणी नाही, खिडक्या बंद.

"खिशातून हात काढा, साहेब," कमानसर म्हणाले.

"थंडी वाजते मला."

"एवढ्या उन्हात?"

सचिवांनी हात काढून मांडीवर ठेवले, शाळेतल्या मुलासारखे. "आणि तुमच्या त्या काचेला आधीच चीर पाडून ठेवली नसेल कशावरून? म्हणजे आळ माझ्यावर!"

"मी कशाला पाडू? मला ती अखंड हवीय!"

"हवीय म्हणूनच तर काय काय केलंत, ते काल ऐकलं मी."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

ऊन काँक्रीटच्या छपरावर चढत गेलं. दुपार झाली. सचिवांना डुलकी लागली, आणि कमानसर डोळा न लवता काचेकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यामुळे मला आवाज ऐकू आला, दिसलं काही नाही. टक्. पेन्सिलीचं टोक मोडावं, तेवढाच.

काचेच्या मधोमध बारीक रेघ उभी होती. आत कुणीही नव्हतं.

सचिव दचकून उठले आणि उठता उठता दोन्ही हात वर करून म्हणाले, "मी नाही!"

कुणी हसलं नाही. कमानसर उठले, पण आत गेले नाहीत. पडवीच्या खांबाला त्यांनी तळवा टेकवला आणि काढून घेतला. मग खिशातून फोन काढून त्यांनी स्वतःच बाईंना लावला.

बाई तासाभरात आल्या. दुर्बिणीतून तडा बघितला, दार खांद्याने लोटून बघितलं.

"पहिलीच तुटली?"

सचिवांनी तोंड उघडलं होतं. त्यांच्या आधी कमानसर म्हणाले, "नाही. मी बदलत होतो. पहिली तुटून सहा महिने झाले."

बाईंनी पहिल्यांदाच भिंत सोडून माणसाकडे पाहिलं.

"तेव्हा कळवलं असतं, तर मागची खोली उतरवून, कमानीला टेकू देऊन इमारत वाचवता आली असती. आता दगडी भिंतच बाहेर झुकलीय. मी सही कशावर करणार?"

सचिव जिंकले होते, पण त्यांचा चेहरा जिंकलेल्याचा नव्हता. चाळीस मुलं हा आकडा त्यांनाही कळत होता.

"पाडायच्या आधी बाहेरून मोजून घेऊ द्या," भाची म्हणाली. "पूर्ण. सर... मामा, निदान नकाशा तरी राहील."

बाईंनी अंतर आखून दिलं, त्याच्या आत पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग मैदानात जमला. उंची मोजणीच्या दुर्बिणीवरून घ्यायची होती, लांबी फितीने, भिंतीला समांतर, लांबून. मुलं कागदावर नकाशा काढत होती, मी आकडे मांडायला बसलो होतो. फितीचं एक टोक कमानसरांनी धरलं. दुसरं धरायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून सचिवांनी बाह्या सरसावल्या आणि पलीकडच्या कोपऱ्यासमोर जाऊन उभे राहिले.

"काय येतं?" कमानसर ओरडले.

सचिवांनी वाकून, चष्मा वर करून आकडा वाचला.

मी तो मांडणार, तोच कमानसरांनी मला हात करून थांबवलं, आपलं टोक भाचीच्या हातात दिलं आणि मैदान ओलांडून स्वतः बघायला निघाले.