उभ्यानं सांगायची बातमी

आत्याच्या नाकावर कायम राग असतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तिचं पडदे शिवायचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकानं अंदाजपंचे माप आणलं की ती त्याला खिडकी नीट मोजायला परत घरी पिटाळायची. वरच्या मजल्यावर तिचा भाऊ, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी राहायची. या मुलीला, म्हणजे आत्याच्या भाचीला, डॉक्टर व्हायचं होतं.

आत्याला हे खूळ पसंत नाही, असं घरात सगळे धरून चालले होते. ती भाचीला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणायची आणि तेही तोंड वाकडं करून. खरं सांगायचं तर तिला या पोरीचं भारी कौतुक होतं, पण ते बोलून दाखवलं तर आपली जीभ झडेल असं तिला वाटत असावं. पोरगी सकाळी कॉलेजात जायची, दुपारी इस्पितळात रुग्णांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायची आणि संध्याकाळी दुकानातल्या कटाईच्या टेबलावर पुस्तकं पसरायची, कारण वर टीव्ही चालू असायचा. दमून डोळे मिटायला लागले की उठून उभ्यानं वाचायची. आत्या मशीनवरून चोरून तिच्याकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, आपल्या सगळ्या खानदानात इतकं चिवट कुणी निपजलं नाही.

गेल्या वर्षी लेखी परीक्षेत भाचीनं बाजी मारली होती. गाडी अडली ती मुलाखतीत. त्या वैद्यकीय महाविद्यालयाची पद्धत मुलखावेगळी होती. उमेदवाराला एका खोलीत पाठवायचे. आत एक नटी रुग्णाची नातेवाईक बनून बसलेली असायची. उमेदवारानं तिला वाईट बातमी सांगायची, ती चिडणार, आणि कोपऱ्यातले परीक्षक नुसते बघणार. घंटा वाजली की बाहेर. भाचीनं त्या बाईला शस्त्रक्रियेतली गुंतागुंत अगदी बिनचूक समजावली होती. बाई जसजशी चिडत गेली तसतशी ही आणखी समजावत गेली, आणि तिथेच नापास झाली.

यंदा पुन्हा तीच मुलाखत होती. रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये भाचीला नोकरी मिळत होती. यंदा जमलं नाही तर गुपचूप तिकडे जाईन आणि पुन्हा डॉक्टरकीचं नाव काढणार नाही, असं तिनं स्वतःच जाहीर केलं. ते ऐकलं त्या दिवशी आत्यानं एका बाईचा पडदा उलट्या बाजूनं शिवला.

मग घरात तालमी सुरू झाल्या. भाऊ रुग्णाचा नातेवाईक व्हायचा. पण देवानं त्याला रागच दिलेला नव्हता. लेकीनं “माफ करा, आम्ही त्यांना वाचवू शकलो नाही” म्हणायचा अवकाश, की तो हात जोडून म्हणायचा, “असू द्या डॉक्टर, तुम्ही तरी काय करणार? तुम्ही जेवलात का?” वहिनीला तर पहिल्या वाक्यालाच हसू फुटायचं. भाची रडकुंडीला आली.

एका रविवारी दुपारी ती खाली दुकानात आली. मागून भाऊही आला, चमचा आणि पेला घेऊन. घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे होतं.

“आत्या, तू चिड ना माझ्यावर,” भाची म्हणाली. “तुला जमेल.”

“मला काय कामधंदे नाहीत?” आत्या म्हणाली. पण मशीन थांबवून ती स्टुलावर बसली. “काय करायचं मी?”

“तुझ्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. ते गेले. मी डॉक्टर आहे, मी सांगायला आलेय.”

भाऊ एकदम कावराबावरा झाला. आत्याचे यजमान खरोखरच तसे गेले होते, भाची पाळण्यात असताना. घरात तो विषय कुणी काढत नसे. तालमीच्या नादात पोरीच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. भाऊ काही बोलणार तेवढ्यात आत्यानं त्याला हातानं गप्प केलं. “चालू द्या,” ती म्हणाली.

भाची बाहेर जाऊन पुन्हा दारात आली. उभ्याउभ्याच म्हणाली, “माफ करा. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव झाला, आम्ही पुष्कळ प्रयत्न केले, पण...”

“तुम्ही दारात का उभे?” आत्या म्हणाली.

“अं?”

“दारात का उभे, विचारतेय. आत यायला कुणी नको म्हटलंय? मी केव्हाची बसलेय इथे. तुम्ही घड्याळ बघताय. मी यांचा शर्ट घेऊन आलेय. घरी जाताना घालायला नवा शिवून आणलाय. आणि तुम्ही मला रक्तस्राव सांगताय. मला कळत नाही तुमचं ते. मी शर्टाचं काय करू तेवढं सांगा.”

तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. चमचा भावाच्या हातातच राहिला. नवऱ्याचा असा काही शर्ट होता हे त्यालाही आजच कळत होतं. इतकी वर्षं आत्या सगळ्या जगावर चिडली, पण त्या दारातल्या डॉक्टरवर चिडायचं राहून गेलं होतं.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. तोंडात आलेलं पुढचं वाक्य तिनं गिळलं. मग आत आली, एक खुर्ची ओढली आणि आत्यासमोर बसली. आत्या रडत होती तोवर ती हललीही नाही. बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, “कुठल्या रंगाचा होता?”

“फिका निळा,” आत्या म्हणाली. “कॉलर दोनदा उसवून बसवली होती मी.”

घंटा वाजवायची राहूनच गेली.

मुलाखतीला आत्या सोबत गेली, दुकान बंद ठेवून. भाची बाहेर आली ती पडेल चेहऱ्यानं. “मी फारसं बोललेच नाही, आत्या. ती बाई रडत होती, मी बसून राहिले. सांगायचं अर्धं पोटातच राहिलं आणि घंटा झाली.”

“बरं,” आत्या म्हणाली. माझ्यामुळेच हिचं वर्ष बुडालं, असं तिच्या मनानं घेतलं.

पुढे निकालाच्या दिवशी आत्या दुकानात एक लांबलचक पडदा दुमडत होती. भाची दारात आली. उंबऱ्यावर थांबली नाही. सरळ आत आली, मोबाइल उपडा ठेवला, खुर्ची ओढली आणि आत्यासमोर बसली. आत्याचे दोन्ही हात तिनं हातात घेतले.

हे बसणं आत्याला ओळखीचं होतं. आता धीर तिलाच द्यायचा होता. तिनं घसा खाकरला. “हे बघ,” ती म्हणाली, “तुझ्यासारखी पोरगी मी दुसरी पाहिली नाही. त्यांनी घेतलं काय, नाही घेतलं काय, माझ्या लेखी तू डॉक्टरच आहेस. त्या दिवशी तू माझ्यासमोर बसलीस तेव्हाच झालीस.”

भाचीचे डोळे भरून आले. “आत्या,” ती म्हणाली, “माझं झालंय. मला घेतलंय त्यांनी.”

आत्यानं हात सोडवून घेतले.

“मग बसलीस कशाला, मेले? माझा जीव जायचा राहिला. असली बातमी उभ्यानं सांगतात, दारातूनच ओरडून. ऊठ. जा बाहेर आणि पुन्हा ये.”

भाची हसत उठली, डोळे पुसत दाराबाहेर गेली. आत्यानं घाईघाईनं पदर तोंडाला लावला, कारण पोरगी पुन्हा आत यायच्या आत तिला रडून घ्यायचं होतं.