कोरडी असल्याचा दाखला

चारुलता सुभेदार गॅस कंपनीत रसायनतज्ज्ञ होत्या. इंदूरहून पीथमपूरच्या कारखान्यांकडे जाणारी नवी पाइपलाइन सुरू झाली, तेव्हा पहिल्याच नमुन्यात त्यांच्या लक्षात आलं की लाइन ओली आहे. पाइप टाकल्यावर त्यात पाणी भरून मजबुती तपासतात आणि मग तो वाळवतात. हे वाळवणंच धड झालेलं नव्हतं. वायूत पाणी राहिलं आणि वरून दाब नि थंडी असली, की आत बर्फासारखा गोळा धरतो. पाणी गोठण्याइतकी थंडीही त्याला लागत नाही. म्हणून बाईंनी लाइनीच्या तोंडाशी एक पंप बसवून घेतला. त्यातून मिथेनॉल थेंबथेंब आत जाई आणि गोळा धरत नसे.

पंप सांभाळायचा श्रीहरी. जुनी इंदूर या वस्तीतला, पस्तिशीतला, कामाला चोख. दाब कसा सोडायचा, कुठे उभं राहायचं, सगळं बाईंनीच त्याला शिकवलेलं. तो त्यांना ताई म्हणायचा.

डिसेंबरात प्रकल्पप्रमुख जयेशने बाईंना केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, पंप काढावा लागेल. हेड ऑफिसची टीम येतेय.”

“लाइन अजून ओली आहे. जानेवारी निघू द्या.”

“वाळवण्याचं काम मीच पास केलंय ना. पंप दिसला की पहिला सवाल तोच येणार. लाइन कोरडी आहे, इतकं लिहून द्या, बस. आपने तो मुझे ट्रेनी के टाइम से देखा है.”

बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. कडाक्याची थंडी काय, पंधरा दिवसांची, असं मनाशी म्हणत त्यांनी दीड ओळ लिहिली आणि खाली सही केली.

पंप सोडवताना श्रीहरीने विचारलं, “ताई, सुखली का लाइन?”

“कागद आलाय ना तुझ्याकडे,” त्या म्हणाल्या, आणि गाडीत जाऊन बसल्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पारा पाच अंशांवर उतरला. एका सकाळी कारखान्यांचा वायू एकदम बंद पडला. कोरड्या लाइनीत गोळा कुठला असायला? फिल्टरमध्ये कचरा अडकला असेल, असं श्रीहरीला वाटलं. आत गोळा आहे हे ठाऊक असतं तर त्याने दोन्ही बाजूंचा दाब सारखा, हळूहळू उतरवला असता. त्याने पुढच्या बाजूचा तेवढा सोडला. मागचा दाब तसाच होता. गोळा सुटला आणि तोफेतून निघाल्यासारखा येऊन फिल्टरवर आदळला. झाकण उडालं. आग लागली नाही, तेवढंच नशीब. श्रीहरीचा उजवा हात खांद्यापासून गेला.

चौकशीचा निष्कर्ष आधीच टाइप झालेला होता: ऑपरेटरची चूक. चौकशीच्या बैठकीत बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी घडलं ते सगळं सांगितलं. जयेश शांतपणे म्हणाला, “मी फक्त विचारलं होतं, मॅडम. लिहिलं तुम्ही.” कागदावर तर तसंच होतं. निष्कर्षात एक ओळ वाढली, बाईंच्या नावाची. श्रीहरीची ओळ हलली नाही. बाईंना महिनाअखेर घरी बसायला सांगितलं. जयेश गुजरातेत मोठ्या प्रकल्पावर गेला.

शेवटी एका दुपारी बाई श्रीहरीच्या घरी गेल्या. त्याची बायको अबोली हिने पाणी आणून दिलं आणि ती दाराशी उभी राहिली. बाईंनी एकदाही न थांबता सगळं सांगितलं.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” श्रीहरी म्हणाला.

“हो.”

“ओली आहे म्हणाल्या असत्या तर मी किसीको बोलत नव्हतो, ताई. नुसता बाजूला उभा राहिलो असतो.”

बाई म्हणाल्या, “तू केस कर. मी कोर्टात खरं सांगेन.”

“वकिलाला विचारलं मी. तो म्हणतो, ज्या बाईने एकदा खोटं लिहून दिलं तिचं खरं कोण मानणार?” त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बाईंना बसणं सोपं गेलं असतं.

“चहा टाकते,” अबोली म्हणाली.

“नको,” श्रीहरी म्हणाला, “त्यांना जायचंय.”

त्यांना कुठेच जायचं नव्हतं. त्या उठल्या, पदर सावरला आणि जिना उतरू लागल्या.