विजदानबाईंनी कॉफी घेतली नाही

मंगळवारी अश्रफियात कुणी कुणाकडे जात नाही. मंगळवार पाण्याचा. अम्मानच्या या टेकडीवर आठवड्यातून एकदाच नळाला पाणी येतं. येतं सकाळी आठला, आणि जाईल कधी ते त्याचं त्यालाच ठाऊक. तेवढ्या वेळात गच्चीवरच्या टाक्या भरायच्या, कपड्यांचे ढीग उपसायचे, पोरांना धरून घासायचं. अशा वेळी एखाद्या घराची घंटा वाजवून तर बघा, दार उघडणाऱ्या बाईचा चेहराच सांगेल तुम्हाला!

म्हणूनच त्या मंगळवारी साडेनऊला घंटा वाजली, तेव्हा तळमजल्यावरचा मिसबाह दचकला. मिसबाहचं पडद्यांचं दुकान होतं. माणूस पापभिरू, शेजारधर्म पाळणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याच्या दचकण्याला कारण होतं. अंगणाच्या कोपऱ्यात, कपड्यांच्या उलट्या टोपलीखाली, एक मोटर गुरगुरत होती. रस्त्याखालच्या नळातून थेट पाणी ओढणारी. कायद्यानं बंदी असलेली. तीन आठवड्यांपूर्वी त्यानं ती गुपचूप बसवली होती.

का बसवली? शुक्रवारसाठी. मुलीला, रनीमला, मागणी घालायला झरका गावाहून पन्नास पुरुषमाणसं येणार होती. अंगण चकचकीत हवं, जिना धुतलेला हवा, पन्नास जणांचं जेवण, भांडी, हात धुणं! एका टाकीत हे भागायचं कसं? "एकुलती एक मुलगी आहे माझी," तो बायकोला, तहानीला, म्हणाला होता. "लोकांनी नावं ठेवायला नकोत." मोटर झाकायला टोपली तिनंच आणून दिली.

दारात विजदानबाई होत्या. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. अर्धी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली, रनीमसुद्धा. सगळे त्यांना बाईच म्हणायचे.

"या, या बाई!" मिसबाह जरा मोठ्यानंच म्हणाला, गुरगुर ऐकू जाऊ नये म्हणून. "तहानी, कॉफी टाक!"

"आज मंगळवारी?" तहानी आतून म्हणाली आणि बाईंना बघून जीभ चावली. "अहो बाई, तुम्ही होय! बसा ना. तुम्हाला काय, कुठलाही वार."

बाई बसल्या. रनीम इस्त्री बाजूला ठेवून त्यांच्याजवळ येऊन बसली. वेलची घातलेली कॉफी आली. तहानीनं पेला पुढे केला. बाईंनी तो घेतला, समोरच्या मेजावर ठेवला, आणि हात मांडीवर.

असा पेला ठेवण्याचा अर्थ इथं लहान मूलही जाणतं. मुलीला मागणी घालायला आलेली माणसं असंच करतात. मागणं मान्य झाल्याशिवाय त्या घरची कॉफी ओठाला लावायची नाही.

तहानीला हसू आलं. "बाई, तुम्हीपण मुलगी मागायला आलात की काय? शुक्रवारच्या लोकांच्या आधी नंबर लावताय!"

"मुलगी नको गं," बाई म्हणाल्या. "मला पाणी हवंय."

मिसबाहनं चोरून अंगणाकडे पाहिलं. "म्हणजे?"

"तीन मंगळवार झाले, माझ्या टाकीत थेंब नाही. नळ उघडला की नुसती हवा, फस्स! प्लंबर बोलावला. तो म्हणाला, पाइप ठणठणीत आहे बाई, खाली कुणालातरी फार तहान लागलीय." त्यांनी अंगणाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुदिन्याची कुंडी वाळली माझी. भांडी विसळलेलं पाणी बादलीत साठवते मी आणि त्यातच फरशी पुसते. दोनदा टँकर घेतला, पण तोसुद्धा सांगितल्या दिवशी येत नाही."

मिसबाहनं उसनं अवसान आणलं. "बाई, पाणी कमीच येतंय हल्ली सगळीकडे. आता देवानंच या देशाला दिलं नाही, त्याला कोण काय करणार?"

"बरं झालं आठवण केलीत. रनीम, चहाचे पेले आण गं चार. आणि पाण्याचा जग."

रनीमनं आणले. बाईंनी पेले ओळीनं मांडले. तीस वर्षांची सवय, अंगठा आपोआप खडू धरल्यासारखा वळला.

"पाऊस आणि नद्या दर वर्षी नव्यानं जे पाणी देतात, ते माणशी वाटलं तर कुणाला किती? हा तुर्कस्तान." पहिला पेला काठोकाठ भरला. "हा इराक. दोन नद्या आहेत, पण उगम दुसऱ्याच्या अंगणात." थोडा कमी. "हा लेबनॉन." एक तृतीयांश. "आणि हे आपण."

त्यांनी जग खाली ठेवला. चहाचा चमचा पाण्यात बुडवला आणि चौथ्या पेल्यात नुसता निथळू दिला. तळाशी चार थेंब जमले.

"एवढंच?" तहानीच्या तोंडून निघून गेलं.

"एवढंच. त्यातही दर वर्षी माणसं वाढतात, पाणी वाढत नाही."

"तेच म्हणतोय मी!" मिसबाहला धीर आला. "वरच्या देशांनी धरणं बांधली, पाणी अडवलं. त्यांना जाऊन सांगा ना! मोठेमोठे देश आपलं आपलं बघतात, आणि मी गरिबानं एक मोटर..."

शब्द निसटला. झाकायला काही उरलं नाही. टोपलीखालची गुरगुर आता सगळ्यांनाच ऐकू येत होती.

बाई रागावल्या नाहीत. उलट हसल्या. "मिसबाह, नदीवर जो वर असतो तो आधी पितो. आपल्या इमारतीत जो खाली असतो तो आधी पितो. तुर्कस्तान कुठं शोधताय? या इमारतीचे तुर्कस्तान तुम्हीच आहात!"

रनीमला खुदकन हसू फुटलं आणि लगेच तिचे डोळे भरून आले.

"शुक्रवारपर्यंत राहू द्या बाई," मिसबाह अजिजीनं म्हणाला. "हात जोडतो. शनिवारी सकाळी पहिलं काम, मोटर काढतो. पन्नास माणसं येणार आहेत हो माझ्या दारात!"

"प्रत्येकाचा एक शुक्रवार असतो, मिसबाह. वरच्या देशांचाही असेल. माझा नाही, मी एकटी आहे, एवढंच." बाई उठल्या. "चालू द्या तुमचं. मी तक्रार करायला जाणार नाही. मागायला आले होते."

पेला मेजावर तसाच होता. वरची वाफ केव्हाच संपली होती.

"बाबा," रनीम म्हणाली, "त्या घरची माणसं शुक्रवारी इथंच बसून पेला ठेवतील. तुम्ही त्यांना काय सांगणार? आमच्या घरी मागितलेलं मोडत नाहीत म्हणून? कुठल्या तोंडानं?"

मिसबाहच्या वडिलांच्या काळापासून या घरातून कुणी न प्यालेली कॉफी ठेवून गेलं नव्हतं. शत्रूसुद्धा नाही. आणि आज कोण निघालं होतं? ज्यांनी त्याच्या पोरीला नकाशा वाचायला शिकवलं, त्या बाई! दाराबाहेर जिन्याच्या कठड्याला लावलेला त्यांचा हात त्याला दिसला. कोरडा, भेगा पडलेला. त्याला आपलीच लाज वाटली.

"बाई, थांबा! अहो थांबा!"

तो अनवाणीच अंगणात धावला. टोपली लाथेनं उडवली, वायर खेचून काढली. गुरगुर थांबली. मग पाना आणून त्यानं मोटर सोडवली. भिजला, ओरखडला, पण पाइप पुन्हा होता तसा जोडूनच उठला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग भिंतीतल्या पाइपात गुळगुळ झाली, चढत चढत वर गेली. आणि गच्चीवरून, बाईंच्या रिकाम्या पत्र्याच्या टाकीत धार पडल्याचा आवाज आला. अहाहा! चौघंही मान वर करून ऐकत राहिले. तहानी तर चक्क रडत होती.

"बसा बाई, ताजी कॉफी करते," ती डोळे पुसत म्हणाली.

"कशाला? आहे की ही!" बाईंनी गार झालेला पेला उचलला. "तीन आठवडे माझंच पाणी येतंय तुमच्या टाकीत. माझ्याच पाण्याची कॉफी मी ओतून देऊ?" आणि एका दमात प्यायल्या.

शुक्रवारी अंगण धुतलं गेलं नाही. आदल्या दिवशी इमारतीतल्या बायकांनी ओल्या फडक्यांनी ते पुसून काढलं, जिन्यासकट, आणि प्रत्येक घरातून एकेक घागर तळमजल्यावर आली. बाईंची घागर पहिली.

झरकाची मंडळी आली. नवऱ्यामुलाच्या थोरल्या काकांनी रिवाजाप्रमाणे पेला समोर ठेवला आणि मागणं घातलं. मिसबाह उठून उभा राहिला.

"मुलगी दिली! पण माझीही एक अट आहे. सोनं नको, सामान नको. तिच्या नव्या घरात नळाला मोटर लागणार नाही, एवढा शब्द द्या. मी लावली होती. शेजारणीचं पाणी चोरलं होतं. हे मी पन्नास माणसांसमोर सांगतो."

बैठकीत कुजबूज झाली. काकांनी पेला नुकताच ओठाला लावला होता, त्यांना जोराचा ठसका लागला. नवरामुलगा खाली मान घालून हसू दाबत होता.

"दिला शब्द," काका खोकत खोकत म्हणाले. मग शेजारी बसलेल्या आपल्या मुलाच्या कानाशी वाकून, पण साऱ्या बैठकीला ऐकू जाईल असं पुटपुटले, "घरी गेल्या गेल्या आपलीही काढ रे बाबा!"

बैठक हसण्यानं दणाणली. आतल्या खोलीत बायकांनी आनंदाच्या ललकाऱ्या दिल्या, आणि त्यांत सर्वांत खणखणीत आवाज होता विजदानबाईंचा.

मंडळी, आभाळानं कुणाला किती द्यावं हे आपल्या हाती नाही. पण आपल्या वाट्याच्या चार थेंबांतून शेजाऱ्याचा थेंब ओढायचा की नाही, हे पूर्णपणे आपल्याच हाती आहे. अंगणातल्या एखाद्या टोपलीखाली काही गुरगुरत असेल, तर आजच उठा आणि ते बंद करा. शुक्रवारची वाट बघू नका.