ड्राय कॅबिनेटमधला शाळिग्राम

शाळिग्रामाच्या डाव्या कडेला, जिथे चक्राची शेवटची रेघ संपते, तिथे पाण्याचा एक थेंब होता. तांदळाच्या कणीएवढा. खाली ताम्हनात आणखी थोडं पाणी.

सिंगापूरच्या हवेत यात नवल नाही. एसीने गार झालेल्या दगडाला सकाळची दमट हवा लागली की पाणी सुटतं. मी भूविज्ञान शिकले आहे. आईलाही तसंच समजावलं. मग एसी बंद ठेवून पाहिला. पाणी होतंच.

हा शाळिग्राम गंडकीतला. धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधून ती काळी नदी उतरते आणि पार बिहारात गंगेला मिळते. हिमालयाच्या जागी एकेकाळी समुद्र होता. त्यातले शंखातले जीव दगड झाले, ते ती वाहून आणते. बाबांसाठी तो विष्णू. चोआ चू कांगच्या या फ्लॅटमध्येही त्यांनी त्याची आंघोळ कधी चुकवली नाही. आमच्याकडे बायका शाळिग्रामाला हात लावत नाहीत. म्हणून जाताना ते मला म्हणाले होते, "माझ्यामागे त्याला पारोसा ठेवू नकोस. गंडकीला परत दे."

वर्ष झालं. मी तिकीट काढत नव्हते. तो गेला की हे पाणीही थांबेल, अशी मला भीती होती.

शेवटी काल मी ताम्हनातलं पाणी टिपलं आणि ताम्हन शाळिग्रामासकट कॅमेऱ्याच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवलं; लेन्सला बुरशी लागू नये म्हणून हवेतला दमटपणा शोषणारं ते बंद कपाट. किल्ली माझ्याकडे.

"अगं, देव आहे तो, बुरशी लागणार आहे का त्याला?" आई म्हणाली.

आज सकाळी काटा पस्तीस टक्के आर्द्रता दाखवत होता. ताम्हन भरलेलं होतं. दार उघडताच तुळशीचा वास आला. घरात तुळस नाही. बाबांच्या मागोमाग ती वाळली.

आईने पळीभर पाणी तळहातावर घेतलं, प्यायली, हात डोक्यावरून फिरवला.

"आई!"

"रोजच घेते. ह्यांच्या हातचं तीर्थ आहे."

"तुला माहीत होतं? मग कधी निघायचं, कधी निघायचं, असं का विचारत होतीस?"

"दमलेत गं ते. मेल्यावरही सुट्टी नाही. तू जात नाहीस तोवर त्यांना पहाटे उठावंच लागतंय, अनुया."

मी शाळिग्राम हातात घेतला. कुणी तरी आताच खाली ठेवल्यासारखा तो कोमट होता.

"नोव्हेंबरात जाते," मी म्हणाले. आईकडे न पाहता. "मीच सोडते त्याला पाण्यात. बाबा, तुम्ही आता उठू नका."