लाल ठिपका

"यातलं एखादं चित्र निळ्या रंगात मिळेल का? आमचा सोफा निळा आहे," ताईंच्या तंबूत एका बाईंनी विचारलं आणि मी माझ्या तंबूत डोळे मिटून घेतले.

"सोफा बदला," शेजारच्या तंबूतून ताई म्हणाल्या.

बाई तरातरा निघून गेल्या. सकाळपासून परत गेलेलं हे तिसरं गिऱ्हाईक. मी मधल्या जाळीतून डोकावून म्हणालो, "ताई, जरा गोड बोललात तर जीभ झडणार आहे का?"

"गोड बोलायला तुम्ही आहात की, घोडेवाले."

मी घोडेवाला. सोळा वर्षं उघड्यावरच्या प्रत्येक चित्रमेळ्यात मी घोडे मांडतोय. पळणारे, उधळलेले, लाटांतून येणारे. जन्मात कधी घोड्यावर बसलो नाही, पण लोकांना भिंतीवर घोडे हवे असतात आणि माझ्या घरच्यांना दोन वेळचं जेवण. ताई घरांच्या पाठी काढतात. फक्त पाठी. गंजके पाइप, वाळत घातलेले कपडे, मागच्या दाराशी पालथी घातलेली बादली. "पुढची बाजू लोक दाखवायलाच रंगवतात, तिथे माझं काय काम?" असं त्यांचं म्हणणं. म्हणून मेळ्यात त्यांना सगळे पाठमोऱ्या ताई म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही.

त्यांची जागा झाडाखालच्या कोपऱ्यात. बावीस वर्षं तीच. वाऱ्याने तंबू उडू नये म्हणून खांबांना वाळूच्या पिशव्या बांधाव्या लागतात. ताईंचे यजमान होते तेव्हा पिशव्या ते भरायचे. आता ताई एकट्या भरतात. मी एकदा मदतीला गेलो तर माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं.

यंदा समितीने नियम काढला होता. सलग तीन मेळ्यांत ज्याचं एकही चित्र विकलं जाणार नाही, त्याची जागा जाणार. ताईंचे दोन मेळे कोरडे गेले होते. हा तिसरा, आणि त्याचाही शेवटचा दिवस.

आमच्यात विकल्या गेलेल्या चित्राच्या कोपऱ्यात लाल ठिपका चिकटवतात. चित्र संध्याकाळपर्यंत तिथेच टांगलेलं राहतं, मग गिऱ्हाईक घेऊन जातं. आता खरं सांगायचं तर मी सकाळीच दोन घोड्यांना न विकताच ठिपके लावतो. एकाने घेतलंय म्हटलं की दुसऱ्याला हवंसं वाटतं. ताईंना मी हे कैकदा सुचवलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"खोटा ठिपका? त्यापेक्षा मी घोडे काढीन," त्या म्हणायच्या.

दुपारी ताई मैदानाच्या पार टोकाला नळावर गेल्या. मला राहवलं नाही. मी पटकन त्यांच्या तंबूत शिरलो आणि मधल्या मोठ्या चित्राला ठिपका लावून आलो. चित्र एका स्वयंपाकघराच्या खिडकीचं, बाहेरून काढलेलं. कट्ट्यावर पालथी भांडी, काचेला तडा आणि तड्यावर तिरकी चिकटपट्टी.

पाचच मिनिटांत एक माणूस तिथे येऊन थांबला. पन्नाशीचा, अंगात बस ड्रायव्हरचा गणवेश. तो हलेचना. मग त्याने टोपी काढली.

"हे कुणी घेतलं हो?" त्याने मला विचारलं.

तेव्हा माझ्याकडे एक जोडपं घोडे बघत होतं, आणि नेमकं ठिपकेवाल्या घोड्यासमोरच. त्यांच्यादेखत कसं सांगू, की तो ठिपका खोटा आहे?

"गेलं ते," मी म्हणालो. "सकाळीच."

"आमची खिडकी आहे ही. काच मीच फोडली होती, चेंडूने. पट्टीही मीच लावली. आई इथे उभी राहून भांडी घासायची." त्याने टोपी हातात फिरवली. "इमारत पाडली. पुढच्या बाजूचे फोटो आहेत. मागचा फोटो कोण काढतं?"

जोडपं अजून घोड्यासमोरच उभं होतं.

"असू दे. कुणाच्या तरी घरात राहील," तो म्हणाला. "बस सोडायचीय." आणि गेला. जोडप्याने घोडा घेतला नाहीच.

ताई आल्यावर मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. साडी आवरून, दुखऱ्या गुडघ्याने त्या फाटकापर्यंत धावत गेल्या. परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या.

"बसचा नंबर?"

"बघितला नाही."

"नाव?"

"तेही विचारलं नाही."

"बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझं चित्र ओळखलं, घोडेवाले," त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारच्या सुमाराला समितीचे सेक्रेटरी एका पाहुण्यांना घेऊन आले. पाहुणे हॉटेलं सजवायचे. त्यांना खिडकीच हवी होती. बाकीच्यांत पाइप फार आहेत म्हणाले.

"पण यावर ठिपका आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"साहेब, तो माझा!" मी जाळीपलीकडून ओरडलो. लाज केव्हाच सोडली होती. "मीच लावला. चित्र मोकळं आहे."

"विकलंय," ताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"एका बस ड्रायव्हरला."

"पावती केलीत?"

"नाही."

"मग ते विकलं म्हणून धरता येत नाही हो, ताई." सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता; त्याने आवाज खाली आणला. "यांना देऊन टाका. तुमची जागा राहील. नाहीतर पुढच्या वेळी माझे हात बांधलेले आहेत."

"ताई, द्या ना," मी म्हणालो. "माझ्यासाठी द्या. माझ्या जिवाला लागून राहील."

"राहू दे लागून," त्या म्हणाल्या. मग सेक्रेटरींकडे वळल्या. "पुढच्या वेळी मी फाटकाबाहेर बसेन. बस तिथेच थांबते."

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली. दर वेळी ताई वाळूच्या पिशव्या तशाच टेम्पोत टाकतात. आज त्यांनी एकेक पिशवी सोडली आणि वाळू झाडाच्या बुंध्याशी ओतली. सगळ्या पिशव्या. रिकाम्या झाल्यावर झटकून घड्या घातल्या. मी मध्ये पडलो नाही. माझ्या दोन घोड्यांवरचे ठिपके तेवढे नखाने खरवडून काढले.

चित्रं आम्ही जुन्या चादरींत गुंडाळून नेतो. बाकीची बांधून झाली. खिडकीसाठी मी चादर उलगडून धरली.

"ते झाकू नका," ताई म्हणाल्या.

टेम्पोवाल्याला त्यांनी थांबायला सांगितलं. चित्र बाहेरच्या बाजूला तोंड करून काखेत धरलं, फाटकातून बाहेर पडल्या आणि बसथांब्याच्या खांबाला ते टेकवून, रस्त्याकडे बघत शेजारी उभ्या राहिल्या. ठिपका तसाच होता. एक बस आली, दुसऱ्याच ड्रायव्हरने चित्राकडे बघितलं आणि दार बंद केलं. ताईंनी पदराने चित्रावरची काच पुसली आणि पुढच्या बसची वाट बघू लागल्या.